गाव उठला, झोप उडाली

“बाय, मना रातचे झोप नाय येत.”

पदर सावरत समोरच्या स्टुलावर बसलेल्या आजींनी अशी सुरुवात केली. वय अडुसष्ट. तक्रारी तीन : छातीत धडधडते, जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. मी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, हृदयाचा आलेख काढला. रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर सारे बेताचे, वयाला शोभेल असे. रिपोर्ट घेऊन त्या परत आल्या तेव्हा मी म्हटले, “आजी, काही नाही तुम्हाला.” त्यावर त्या थोड्या रागावल्याच. म्हणाल्या, “नाय कसा? काय तरी हाय म्हणून तर आलंय.”

आजींचे बरोबर होते. चूक माझ्या प्रश्नात होती. मी त्यांना काय होते ते विचारले होते, पण कधीपासून होते ते विचारले नव्हते. विचारल्यावर उत्तर एका वाक्यात मिळाले : “गाव उठला तवापासून.”

वाचकहो, गेली कित्येक वर्षे मी पनवेल-उलवे भागात दवाखाना चालवते. औषधांच्या कागदावर न मावणारा हा आजार मी इथे वारंवार पाहिला आहे. आज त्याविषयी लिहायचे आहे. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील थोडे बदलले आहेत. बाकी हकिकत जशीच्या तशी आहे.

पंचाण्णव गावांचे शहर

नवी मुंबई हे नाव घेतले की रुंद रस्ते, मोठी रेल्वे स्थानके आणि उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण हे शहर मोकळ्या माळावर उभे राहिलेले नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण पट्ट्यातील ९५ गावांची जमीन या शहरासाठी निश्चित झाली. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांवर जगणारी आगरी-कोळी माणसे ‘प्रकल्पग्रस्त’ झाली. हा शब्द आता इतका रुळला आहे की त्यातले ‘ग्रस्त’ आपल्याला ऐकूच येत नाही. रोगग्रस्त म्हटले की आपण उपचाराचा विचार करतो. प्रकल्पग्रस्त म्हटले की मात्र फक्त भूखंडाचा.

योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेले आंदोलन जुन्या वाचकांना आठवत असेल. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, ती या लढ्यातून.

त्या वेळी जमिनी गेल्या, तरी बहुतेक गावठाणे जागेवर राहिली. शेत नाहीसे झाले, पण ओटा राहिला, देऊळ राहिले, शेजारीण राहिली. विमानतळाच्या वेळी तसे झाले नाही. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, गणेशपुरी, तरघर आणि कोंबडभुजे या दहा वस्त्यांना घरांसकट उठावे लागले. मोबदल्याचे पॅकेज आधीपेक्षा मोठे होते; साडेबावीस टक्के विकसित भूखंड देण्याचे ठरले. वडघर, वहाळ या भागात पुनर्वसनाच्या वसाहती झाल्या. उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. आमच्या आजी ज्या ओट्यावर बसून चिंबोऱ्या साफ करीत, तिथे आता विमानतळाची हद्द आहे.

विमानतळ नको होता, असे म्हणण्यासाठी मी हे लिहीत नाही. आजींचा नातूही तिथे नोकरीच्या खटपटीत आहे. माझे म्हणणे एवढेच की, घराची मोजणी झाली, झाडांची झाली, विहिरीची झाली; पण ज्या गोष्टीने माणसे एकमेकांना धरून होती, तिची मोजणी कोणी केली नाही. आणि ती गोष्ट तुटली की ती दवाखान्यात येते.

आधी एकी, मग दुही

कोणत्याही समूहावर संकट आले की आरंभी एक नवल घडते. माणसे जवळ येतात. भांडलेले भाऊ एका मोर्चात चालतात, ज्याच्या घरचे पाणीही पीत नव्हते त्याच्या दारी बैठक बसते. आपत्तीनंतरच्या मानसिक स्थितीचा अभ्यास करणारे या काळाला समूहाचा उमेदीचा काळ म्हणतात. या काळात आश्चर्य वाटावे इतकी कमी माणसे आजारी पडतात. आजार नसतात असे नाही, पण ‘आपण सारे एक आहोत’ ही भावना माणसाला उभे ठेवते.

पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षाने, दुसरा टप्पा येतो. बैठका संपतात. बाहेरचे लोक निघून जातात. कोणाला भूखंड आधी मिळतो, कोणाला उशिरा. कोणाचा कोपऱ्याचा असतो, कोणाचा आत. आजवर सगळ्यांची अडचण एक होती, आता प्रत्येकाची वेगळी होते. इथे भ्रमनिरास सुरू होतो, आणि माझ्या दवाखान्यातली गर्दीही नेमकी इथेच वाढते. झोप न येणे, पित्त, डोकेदुखी, आटोक्यातला रक्तदाब अचानक वाढणे, साखर वर जाणे, आणि पुरुषांमध्ये दारू.

यामागे शरीराचे सरळ गणित आहे. धोका दिसला की शरीर अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडते. हृदय जोरात चालते, रक्तात साखर वाढते, मेंदू जागा राहतो. साप दिसला तर हे उपयोगाचेच आहे. पण साप जातो, तसा हा धोका जात नाही. तो महिनोन्महिने राहिला तर हीच संप्रेरके झोप मोडतात, रक्तदाब चढवतात आणि मधुमेह बिघडवतात.

आणि हा धोक्याचा इशारा शांत कशाने होतो? पुष्कळदा जवळच्या माणसाने. २००६ साली अमेरिकेत सोळा विवाहित स्त्रियांवर एक प्रयोग झाला. विजेचा हलका झटका बसणार अशी सूचना देऊन त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली भीतीची खळबळ कमी दिसली. अनोळखी माणसाचा हात असताना तितकी कमी झाली नाही. प्रयोग लहान आहे, त्यावरून मोठे इमले बांधू नयेत. पण आपल्या आयाबायांना हे प्रयोगाविनाही ठाऊक होते. म्हणून तर बाळंतिणीजवळ आणि मयताच्या घरी कोणी एकटे बसू देत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांनी १८९७ साली आत्महत्यांवरील आपल्या ग्रंथात एक विलक्षण गोष्ट मांडली होती. नुसत्या मंदीतच नव्हे, तर एकाएकी आलेल्या सुबत्तेतही आत्महत्या वाढू शकतात. कारण दोन्हींत माणसाला धरून ठेवणारे नियम आणि नाती सैल होतात. मोबदल्याचा धनादेश आला की सगळे कुशल झाले असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

किल्लारीपासून जपानपर्यंत

महाराष्ट्राने हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. सर्वाधिक हानी झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवली. घरे पक्की होती, रस्ते रुंद होते, सारे आखीव होते. पण जुन्या गावात अरुंद गल्ली होती, वाडा होता, भिंतीला भिंत होती. नव्या गावात शेजारी लांब गेला, अंतर वाढले, आणि पारावर रोज भेटणारी माणसे दिवसेंदिवस भेटेनाशी झाली. अशा तक्रारी तिथल्या लोकांनी पुढे अनेक वर्षे केल्या. घर भूकंपात टिकेल असे बांधता आले. शेजार तसा बांधता आला नाही.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक खोऱ्यात २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळसा खाणीचा बांध फुटून १२५ माणसे दगावली. वाचलेल्यांना सरकारने तात्पुरती घरे दिली, पण जो आधी आला त्याला आधी, या न्यायाने. शेजारी कोण होते हे पाहिले नाही. काय एरिक्सन या अभ्यासकाने १९७६ साली लिहून ठेवले की, या माणसांना दोन जखमा झाल्या होत्या : एक पुराची, आणि दुसरी समाज विस्कटल्याची. दुसरी अधिक चिघळली.

जपानची गोष्ट मात्र आशा वाटावी अशी आहे. जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर वृद्धांना तात्पुरत्या वसाहतींत सोडतीने घरे दिली. हेतू चांगला, पण ओळखीची माणसे विखुरली आणि कित्येक वृद्ध एकटेच, कोणाला न कळता मेले. पुढे मार्च २०११ मध्ये त्सुनामी आली. इवानुमा या गावातील वृद्धांची पाहणी योगायोगाने सातच महिने आधी झाली होती, त्यामुळे आधी आणि नंतर अशी तुलना करता आली. जे एकेकटे, सोडतीने किंवा स्वतः घर शोधून गेले, त्यांच्या गाठीभेटी आणि सामाजिक सहभाग घटला. जे शेजाऱ्यांसह एकगठ्ठा हलले, त्यांच्या गाठीभेटी उलट वाढल्या. संकट तेच, पण गठ्ठा न सोडल्याने फरक पडला.

दोन भाऊ, दोन गणपती

आता घराच्या आतले पाहू. चाळिशीतला एक रिक्षाचालक माझ्याकडे रक्तदाबासाठी येतो. गोळ्या दोनाच्या तीन केल्या, तरी आकडा उतरेना. एकदा गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात आला तेव्हा फारच वर होता. विचारले, तर म्हणाला, “यंदा आमच्याकडं दोन गणपती. दादाचा येगला, माझा येगला.” भूखंडाच्या वाटणीवरून दोघे भाऊ बोलत नव्हते. जुन्या घरात एकाच मखरापुढे दोघांची मुले आरती करीत. “पोरं इचारतात, काका कवा येनार. काय सांगू?” हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, रक्तदाबाच्या यंत्राकडे पाहत होता.

बहिणींचाही प्रश्न असतोच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने आला आणि २००५ मध्ये देशभर लागू झाला. बहिणीने हिस्सा मागितला म्हणून माहेर तुटल्याची उदाहरणे आमच्या भागात घरोघर ऐकू येतात. इथे मी स्पष्ट लिहिते : हक्क मागणे म्हणजे भांडण काढणे नव्हे. दोष मागणीत नसतो, तो न बोलता मनात साठवण्यात असतो. वकिलाची नोटीस आल्यावर पहिल्यांदा विषय निघाला, की कोर्टात कोणीही जिंको, भाऊबीज हरलेली असते.

माझी चूक

आता एक कबुली. एकट्या राहणाऱ्या एका आजोबांचा मधुमेह कित्येक वर्षे छान आटोक्यात होता. नव्या वसाहतीत गेल्यावर चार महिन्यांत साखर तीनशेच्या वर गेली. मी खाण्यापिण्याचे विचारले, गोळ्या घेता का विचारले. “घेतो” म्हणाले. मी गोळीचा डोस वाढवला.

पंधरा दिवसांनी मुंबईचा मुलगा सुटी काढून आला. त्याने चिठ्ठीवर लिहिले होते तसे सारे औषध बापाला नेमाने दिले, दोन दिवसांनी पुढच्या गोळ्या काढून ठेवल्या आणि परत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला दार वाजवूनही आतून उत्तर मिळेना. दार उघडले तेव्हा आजोबा घामाने भिजलेले, बेशुद्ध. साखर बेचाळीस! वेळेवर ग्लुकोज मिळाले म्हणून वाचले.

नंतर उलगडा झाला. आजोबांना वाचता येत नव्हते. गावात असताना शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी रोज सकाळी त्यांच्या गोळ्या काढून देई. ती मुलगी आता दुसऱ्या सेक्टरमध्ये राहत होती. आजोबा कधी गोळी घेत, कधी विसरत, कधी चुकीची घेत. आणि लाजेने कोणाला सांगत नव्हते. म्हणजे कमी पडली होती ती शेजारची मुलगी, आणि मी वाढवली होती गोळी. जुन्या गावात दुपारपर्यंत दार बंद राहिले असते तर चार जणांनी हाक मारली असती, हे वेगळेच.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर मी दोन प्रश्न वाढवले आहेत : औषध कोण देते? आणि दिवसभरात कोणाशी बोलणे होते?

काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ सालीच आरोग्याच्या व्याख्येत शारीरिक आणि मानसिक यांच्या जोडीला ‘सामाजिक’ स्वास्थ्य घातले होते. तो शब्द आपण पाठ केला आणि विसरलो. त्याच संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला एकाकीपणा जाणवतो, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. म्हणजे हा केवळ मनाचा हळवेपणा नव्हे.

घर बदलणाऱ्या सर्वांनाच पुढील गोष्टी उपयोगी पडतील. विमानतळबाधितच कशाला, वाशी-नेरुळमध्ये जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. तिथली वीस-पंचवीस वर्षांची शेजारीपाजारी कुटुंबेही भाड्याच्या घरांत पांगत आहेत.

पहिली गोष्ट, शक्य असेल तर दोन-चार घरांनी मिळून जवळपास जागा घ्यावी. भाडे थोडे अधिक पडेल, डॉक्टरचे बिल कमी होईल. दुसरी, जुने वार मोडू देऊ नयेत. मंगळवारचे भजन असेल, पोथी असेल, मासळी बाजाराची फेरी असेल. जागा बदलली तरी वार आणि वेळ तीच ठेवावी. समूहाला आकार देणारी गोष्ट म्हणजे ठरलेली भेट. तिसरी, गावदेवीची जत्रा आणि पालखी नव्या जागी पहिल्याच वर्षी सुरू करावी. ‘सगळे स्थिरस्थावर झाल्यावर पाहू’ म्हणून पुढे ढकलू नये. स्थिरस्थावर व्हायला तीच मदत करते. चौथी, म्हाताऱ्या माणसांना तळमजल्यावर किंवा दाराबाहेर बसता येईल अशा ठिकाणी ठेवावे. दारात बसणे हा रिकामटेकडेपणा नव्हे, तो त्यांचा समाज आहे. पाचवी, पैशाचे आणि वाटणीचे बोलणे लवकर, सगळ्यांदेखत आणि बहिणींना बोलावून करावे.

दुःख होणे हा रोग नव्हे. गाव सुटला तर रडू येणारच. त्याला औषध लागत नाही, ऐकणारा लागतो. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, भूक-झोप गेली, दारू वाढली किंवा जगू नये असे विचार आले, तर ते ‘टेन्शन’ म्हणून झटकू नका. डॉक्टरांना भेटा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. झोपेच्या गोळ्या मात्र दुकानातून आपल्या मनाने घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाला त्याने तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते.

आता त्या पहिल्या आजींचे काय झाले ते सांगून संपवते. त्या दुसऱ्यांदा आल्या त्या दिवशी बाकावर आधीच एक बाई बसल्या होत्या. दोघींनी एकमेकींना पाहिले आणि दवाखान्यात एकच आरडाओरडा झाला. एकाच आळीतल्या, चौदा महिन्यांनी भेटत होत्या. रडून झाले, मग हसून झाले, कोणाची सून बाळंत झाली, कोणाचे घर गळते, सगळे झाले. माझी कंपाउंडर मुलगी त्यांना गप्प करायला उठली, तिला मी बसवले. पाऊण तासाने आजी आत आल्या. म्हणाल्या, “रातचा बघू मंग. आता बरा वाटतंय.”

मी त्यांना जी गोळी दिली ती साधी होती. चिठ्ठीवर मात्र औषधाच्या खाली एक ओळ जास्त लिहिली, आणि सुनेला वाचून दाखवली : “दर गुरुवारी संध्याकाळी मैत्रिणीकडे नेऊन सोडणे.” सून हसली, पण नेते. झोप पूर्ववत झाली असे मी म्हणणार नाही. पहाटे तीनची जाग आता साडेचारवर आली आहे. गावात असताना आजी साडेचारलाच उठत.